जॉर्ज बीटसन

सर जॉर्ज थॉमस बीटसन (जन्म : त्रिंकोमाली, सिलोन, २७ मे १८४८, मृत्यू : ग्लासगो, १६ फेब्रुवारी १९३३) हे स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक होते. स्तनाच्या कर्करोगाची वाढ शरीरातील दूरच्या एका अवयवावर अवलंबून असू शकते, हे त्यांनी १८९५ साली एका रुग्ण स्त्रीचे दोन्ही अंडाशय काढून दाखवून दिले. रजोनिवृत्तीनंतर स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना आज ज्या संप्रेरकरोधक गोळ्या दिल्या जातात, त्यांच्यामागील विचाराचा आरंभ या शस्त्रक्रियेपासून मानतात. यात एक विसंगती आहे. संप्रेरक हा शब्दच तेव्हा अस्तित्वात नव्हता. शिवाय बीटसन यांची शस्त्रक्रिया मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांपुरतीच उपयोगी होती. पाळी थांबलेल्या स्त्रियांना तिचा फारसा लाभ होत नसे. या दुसऱ्या गटापर्यंत त्यांचा विचार पोहोचायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

बालपण आणि शिक्षण

बीटसन यांचे वडील ब्रिटिश सैन्यात शल्यचिकित्सक होते. त्यांच्या नेमणुकीमुळे जॉर्ज यांचा जन्म सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली या बंदरात झाला. शालेय शिक्षण आइल ऑफ मॅन या बेटावर आणि पुढील शिक्षण केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजात झाले. वैद्यकाचा अभ्यास त्यांनी एडिंबरा विद्यापीठात केला. तेथे १८७४ साली ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि १८७८ साली त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली.

एडिंबरा येथे त्यांना जोसेफ लिस्टर यांच्या हाताखाली निवासी शल्यचिकित्सक म्हणून काम करण्याची संधी मिळाली. जखमेत होणारा पू हा जंतूंमुळे होतो आणि कार्बोलिक आम्लाच्या वापराने तो टाळता येतो, हे लिस्टर यांनी सिद्ध केले होते. त्याआधी पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा मृत्यूला आमंत्रणच असे. बीटसन यांनी पुढे जी शस्त्रक्रिया केली, तिच्यासाठी उदर उघडणे अपरिहार्य होते. त्यांच्या चरित्रात लिस्टर यांच्या सहवासाला महत्त्व आहे ते या कारणाने. केवळ थोर गुरूचे नाव म्हणून नव्हे.

दूध आणि अंडाशय

पदवी मिळाल्यानंतर लवकरच बीटसन यांनी पश्चिम स्कॉटलंडमधील एका जमीनदारी वाड्यावर एका मनोरुग्णाचे वैद्य म्हणून काम स्वीकारले. काम बेताचेच होते आणि मोकळा वेळ भरपूर होता. एम. डी. च्या प्रबंधासाठी विषय हवा होता. शेजारीच मेंढ्यांचा वाडा होता. तेथे कोकरांचे दूध तोडण्याचा हंगाम चालू असताना मेंढ्यांच्या आचळांतील दूध कसे सुरू होते आणि कसे आटते, याकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. दुग्धस्रवण हाच त्यांनी प्रबंधाचा विषय केला.

त्या काळी शरीरातील सर्व व्यवहारांचे नियंत्रण मज्जासंस्था करते, अशी सर्वसाधारण समजूत होती. लाळ सुटणे, घाम येणे यांप्रमाणे दूध येणे हेही मज्जातंतूंच्या आज्ञेने घडत असावे, असे मानले जाई. बीटसन यांना मात्र स्तनाकडे जाणाऱ्या अशा कोणत्याही नियंत्रक मज्जातंतूचा पुरावा आढळला नाही. याच अभ्यासात त्यांना एक माहिती मिळाली. ऑस्ट्रेलियासारख्या काही प्रदेशांत गाय व्याल्यानंतर तिचे अंडाशय काढून टाकण्याची पशुपालकांमध्ये चाल होती. असे केल्यास गाय पुन्हा गाभण राहत नाही आणि तिचे दूध दीर्घकाळ चालू राहते, असा त्यांचा अनुभव होता. कासेपासून इतक्या अंतरावर असलेला अवयव काढल्याने कासेत फरक पडतो, ही गोष्ट बीटसन यांच्या मनात घर करून राहिली.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना आणखी एक साम्य दिसले. दूध येण्याच्या वेळी स्तनातील पेशींची संख्या झपाट्याने वाढते आणि नळ्यांच्या पोकळ्या पेशींनी भरून जातात. कर्करोगातही पेशींची अशीच बेसुमार वाढ होते. फरक एवढाच, की दूध देणाऱ्या स्तनात या पेशींचे मेदमय रूपांतर होऊन त्यांचे दूध बनते आणि कर्करोगात त्या तशाच साचून आजूबाजूच्या ऊतींमध्ये शिरतात. मग अंडाशय काढल्यास गाईच्या कासेप्रमाणे या पेशींचेही मेदात रूपांतर होऊन त्या नष्ट होतील का, असा प्रश्न त्यांना पडला. आजच्या ज्ञानानुसार ही उपपत्ती चुकीची आहे. कर्करोगाच्या पेशींचे दुधासारखे काही होत नाही. वाढीसाठी लागणारी रासायनिक आज्ञा मिळेनाशी झाल्याने त्यांची वाढ थांबते. तरीही चुकीच्या वाटेने निघालेले बीटसन योग्य दारापाशी येऊन पोहोचले.

प्रबंध पूर्ण झाल्यानंतर ही कल्पना जवळजवळ सतरा वर्षे तशीच पडून राहिली.

ग्लासगो

बीटसन यांनी ग्लासगो ही आपली कर्मभूमी केली. जहाजबांधणी, लोखंड आणि कापडगिरण्यांचे हे शहर तेव्हा वेगाने वाढत होते. वेस्टर्न इन्फर्मरी या रुग्णालयात ते शल्यचिकित्सक होते. पुढे १८९० च्या दशकात ग्लासगो कॅन्सर हॉस्पिटलची सूत्रे त्यांच्याकडे आली. कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय असावे, ही कल्पना त्या काळी सर्वमान्य नव्हती. हा रोग बरा होत नाही, मग त्यासाठी खाटा कशाला अडवायच्या, असे अनेकांना वाटे. बीटसन यांचा दृष्टिकोन वेगळा होता. रुग्णालयाने उपचार करावेत, रोगाच्या कारणांचा शोध घ्यावा आणि ज्यांच्यासाठी उपाय उरलेला नाही त्यांची शुश्रूषाही करावी, अशी त्यांची भूमिका होती. शहराच्या गार्नेटहिल भागातील हिल स्ट्रीटवर हे रुग्णालय नावारूपाला आले.

या सुमारास स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांची दिशा एकच होती : अधिकाधिक कापणे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे विल्यम हाल्स्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका गाठीही काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली होती. १८९४ साली त्यांनी तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढे सत्तर-ऐंशी वर्षे तीच आदर्श मानली गेली. तिच्यामागे कर्करोग हा एका जागेचा रोग आहे आणि ती जागा मुळासकट काढली की तो संपतो, असा विचार होता. पण शस्त्रक्रियेनंतर छातीवर पुन्हा गाठी आल्या तर त्या रुग्णेला सांगण्यासारखे वैद्यांकडे काहीच नसे.

जून १८९५

अशीच एक ३३ वर्षांची स्त्री मे १८९५ मध्ये बीटसन यांच्याकडे आली. ती दोन मुलांची आई होती. स्तन काढण्याची शस्त्रक्रिया आधीच झाली होती आणि व्रणाच्या जागी रोग पुन्हा उद्भवला होता. गाठ छातीला घट्ट चिकटलेली असल्यामुळे ती पुन्हा काढणे शक्य नव्हते. 

बीटसन यांनी प्रथम तिला मेंढीच्या अवटू ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, अर्काच्या गोळ्या दिल्या. अवटू ग्रंथी निकामी झाल्याने होणाऱ्या आजारावर हा अर्क गुणकारी ठरल्याचे न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी १८९१ साली दाखवले होते आणि त्या काळात ग्रंथींच्या अर्कांविषयी मोठे कुतूहल होते. या रुग्णेवर मात्र त्याचा परिणाम दिसला नाही. तेव्हा बीटसन यांनी जुन्या प्रबंधातील विचार प्रत्यक्षात आणण्याचे ठरवले.

पुढे काय घडले हे समजण्यासाठी तत्कालीन पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. अंडाशय काढणे ही शस्त्रक्रिया तेव्हा अपरिचित नव्हती, पण तिचे नाव बदनाम झालेले होते. १८७२ पासून अमेरिकेत रॉबर्ट बॅटी यांनी आणि नंतर युरोपातही अनेकांनी, पाळीचा त्रास, चिडचिड, उन्माद अशा कारणांसाठी स्त्रियांचे निरोगी अंडाशय सर्रास काढून टाकले. या प्रकाराविरुद्ध वैद्यकीय क्षेत्रातूनच टीका सुरू झाली होती. अशा वेळी छातीतील रोगासाठी उदरातील निरोगी अवयव काढायचा, तोही केवळ एका तर्काच्या आधारावर, हे धाडस गैर ठरण्याची शक्यता होती. बीटसन यांनी रुग्णा आणि तिचे पती या दोघांसमोर परिस्थिती स्पष्टपणे मांडली. रोग असाध्य अवस्थेत आहे, सुचवलेला उपाय नवा आहे आणि यशाची हमी देता येत नाही, हे त्यांनी सांगितले. दोघांनीही संमती दिली. रुग्णाला विश्वासात घेऊन संमती मागण्याचा असा प्रघात तेव्हा मुळीच सार्वत्रिक नव्हता, म्हणून या प्रसंगाची नोंद वैद्यकाच्या इतिहासात आवर्जून घेतली जाते.

१५ जून १८९५ रोजी बीटसन यांनी तिचे दोन्ही अंडाशय काढले. अवटू ग्रंथीच्या गोळ्याही पुढे चालू ठेवल्या. काही आठवड्यांतच गाठ मऊ पडू लागली, तिचा विस्तार कमी झाला आणि सुमारे आठ महिन्यांनी छातीवर रोगाचे चिन्ह उरले नाही.

मे १८९६ मध्ये त्यांनी ही हकिकत एडिंबरा येथील वैद्यक-शल्य मंडळापुढे मांडली. त्याच वर्षी जुलैमध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाच्या दोन अंकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कर्करोग परोपजीवी जंतूमुळे होतो, हे मत तेव्हा जोरात होते. बीटसन यांनी ते नाकारले आणि स्तनाच्या कर्करोगाचे प्रेरक कारण अंडाशयात शोधले पाहिजे, असे प्रतिपादन केले. निबंधाचा सूर संयमाचा आहे. रोग समूळ बरा करण्याचा उपाय सापडला, असा दावा त्यांनी केला नाही. त्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या इतर स्त्रियांमध्ये पहिल्या रुग्णेइतका स्पष्ट परिणाम दिसला नाही, हेही त्यांनी लपवले नाही. पहिल्या रुग्णेचा रोगही पुढे परतला आणि शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार वर्षांनी ती मरण पावली. काही महिन्यांची सोबती ठरलेल्या स्त्रीला मिळालेली ही चार वर्षे थोडी म्हणता येत नाहीत. तिची मुले तेवढ्या काळाने मोठी झाली होती.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे, की अंडाशय काढण्याची सूचना बीटसन यांच्या आधी जर्मनीतील आल्बर्ट शिन्झिंगर यांनी १८८९ साली केली होती. वयस्क स्त्रियांमध्ये हा रोग तरुण स्त्रियांच्या मानाने संथ गतीने वाढतो, तेव्हा तरुण स्त्रीला शस्त्रक्रियेने अकाली रजोनिवृत्ती आणली तर रोगही मंदावेल, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी स्वतः मात्र ही शस्त्रक्रिया केली नाही आणि सूचना कागदावरच राहिली.

एकतृतीयांशाचे कोडे

लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमधील स्टॅन्ली बॉइड यांनी ही पद्धत उचलली आणि ब्रिटनमध्ये झालेल्या अशा शस्त्रक्रियांची माहिती गोळा केली. १९०० साली त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की साधारण एकतृतीयांश स्त्रियांना निश्चित लाभ होतो, उरलेल्यांना होत नाही. कोणत्या स्त्रीला लाभ होणार, हे आधी ओळखण्याचे साधन नव्हते. ज्यांना गुण येई त्यांनाही तो बहुधा कायमचा नसे आणि शस्त्रक्रियेतील मृत्यूचा धोका होताच. पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये तर यश विरळाच. अशा कारणांनी बीटसन यांच्या हयातीतच ही शस्त्रक्रिया मागे पडली. क्ष-किरणांनी अंडाशय निकामी करण्याचे प्रयोग झाले, पण उत्साह ओसरला होता.

इतर कार्य

ग्लासगोच्या सामान्य नागरिकांना बीटसन परिचित होते ते वेगळ्याच कारणासाठी. सेंट अँड्र्यूज ॲम्ब्युलन्स असोसिएशन ही संस्था १८८२ साली स्थापन झाली. कारखाने, गोद्या आणि रेल्वे यांतील अपघातांत जखमी झालेल्या कामगारांना वेळेवर प्रथमोपचार मिळावेत आणि त्यांना नीट वाहून नेण्याची सोय व्हावी, हा तिचा हेतू होता. बीटसन या संस्थेच्या आधारस्तंभांपैकी एक होते. प्रथमोपचार शिकणाऱ्यांसाठी त्यांनी हस्तपुस्तिकाही लिहिली. स्वयंसेवक सैन्याच्या वैद्यकीय पथकाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसच्या स्कॉटलंड शाखेचे नेतृत्व त्यांनी केले. १९०७ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला, तो प्रामुख्याने या सैनिकी व सार्वजनिक सेवेची दखल म्हणून. अंडाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी नव्हे. ज्या कामामुळे ते आज ओळखले जातात ते त्यांच्या समकालीनांना तितकेसे महत्त्वाचे वाटले नव्हते.

१६ फेब्रुवारी १९३३ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी ग्लासगो येथे त्यांचे निधन झाले.

रजोनिवृत्तीनंतरच्या रुग्णांपर्यंत

बीटसन यांच्या निरीक्षणाचा अर्थ हळूहळू उलगडत गेला. रक्तावाटे दूरच्या अवयवांना संदेश पोहोचवणाऱ्या द्रव्यांना १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी हॉर्मोन हे नाव दिले. मराठीत त्यासाठी संप्रेरक हा शब्द रूढ आहे. १९२३ साली अमेरिकेतील एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशयातील अशा द्रव्याचा प्रभाव प्रयोगाने दाखवला. हेच इस्ट्रोजेन. अंडाशय काढल्यावर स्तनातील गाठ का आक्रसते, हे आता सांगता येऊ लागले.

परंतु यातून एक नवा पेच निर्माण झाला. स्तनाचा कर्करोग वाढत्या वयाबरोबर अधिक प्रमाणात आढळतो. पन्नाशीच्या आसपास पाळी थांबते, अंडाशयातून इस्ट्रोजेन येणे जवळजवळ बंद होते. मग साठीतील किंवा सत्तरीतील स्त्रीच्या गाठीला इस्ट्रोजेन कोठून मिळते? उत्तर असे, की रजोनिवृत्तीनंतरही शरीरात ते अल्प प्रमाणात तयार होतच राहते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी पुरुषी संप्रेरकांच्या वर्गातील काही द्रव्ये रक्तात सोडतात. चरबी, स्नायू आणि स्वतः स्तन यांतील अरोमाटेज नावाचे एंझाइम या द्रव्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. कारखाना एके ठिकाणचा बंद झाला तरी तोच माल ठिकठिकाणच्या छोट्या भट्ट्यांत तयार होत राहतो, असे हे आहे. अंडाशय काढून या भट्ट्या विझत नाहीत. म्हणूनच बीटसन यांची शस्त्रक्रिया या वयात निष्प्रभ ठरत होती.

या स्त्रियांसाठी पहिले औषध सापडले ते अगदी उलट दिशेने. १९४४ साली लंडनमध्ये अलेक्झांडर हॅडो यांनी वयस्क रुग्णांना कृत्रिम इस्ट्रोजेन मोठ्या प्रमाणात दिले आणि काहींच्या गाठी आक्रसल्या. जे द्रव्य अल्प प्रमाणात गाठ वाढवते तेच मोठ्या प्रमाणात तिला रोखते, हे तेव्हा गूढच होते. पुढे चार्ल्स हगिन्स यांनी शिकागो येथे १९५० च्या दशकाच्या आरंभी अधिवृक्क ग्रंथीच काढण्याचा मार्ग अवलंबिला. या ग्रंथींवाचून माणूस जगू शकत नाही. पण कॉर्टिसोन हे औषध नुकतेच उपलब्ध झाल्याने ते शक्य झाले. स्वीडनमध्ये मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. या सर्व उपायांनी काही रुग्णांना आराम पडला, मात्र त्याची किंमत फार मोठी होती. आधीच खंगलेल्या वृद्ध स्त्रीवर आणखी एक अवघड शस्त्रक्रिया आणि नंतर जन्मभर औषधे, असा तो मामला होता.

बॉइड यांच्या एकतृतीयांशाचा उलगडा शिकागोच्याच एल्वुड जेन्सन यांनी केला. किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन शरीरात कोठे जाऊन थांबते, हे त्यांनी शोधले. काही पेशींमध्ये त्याला धरून ठेवणारे विशिष्ट प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. ज्या गाठीत हे ग्राही असतात तिलाच इस्ट्रोजेन तोडल्याचा फटका बसतो. ज्या गाठीत नसतात तिच्यावर अंडाशय काढा की अधिवृक्क ग्रंथी काढा, परिणाम शून्य. आज गाठीचा तुकडा तपासताना ग्राहींची तपासणी नियमाने होते आणि संप्रेरकरोधक औषध द्यायचे की नाही हे तिच्यावरून ठरते. रजोनिवृत्तीनंतरच्या बहुतांश रुग्णांच्या गाठींत हे ग्राही आढळतात.

शस्त्रक्रियेची जागा औषधाने घेतली ती एका फसलेल्या प्रयोगातून. इंग्लंडमधील आयसीआय या कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ साली एक संयुग तयार केले. ते गर्भनिरोधक म्हणून उपयोगी पडेल, अशी अपेक्षा होती. उंदरांमध्ये तसे दिसलेही. स्त्रियांमध्ये मात्र त्याचा परिणाम उलटाच झाला. मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलमध्ये मेरी कोल आणि सहकाऱ्यांनी ते स्तनाच्या पुढारलेल्या कर्करोगात वापरून पाहिले. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ४६ पैकी १० रुग्णांना चांगला गुण आल्याची नोंद आहे. हेच टॅमॉक्सिफेन. ते पेशीतील ग्राहीवर जाऊन बसते, त्यामुळे इस्ट्रोजेनला जागा मिळत नाही. १९७३ साली ब्रिटनमध्ये त्याला मान्यता मिळाली. पूर्वीच्या उपायांच्या तुलनेत त्याचा त्रास कमी असल्यामुळे वृद्ध रुग्णांनाही ते देता येऊ लागले. मात्र स्तनात इस्ट्रोजेनला विरोध करणारे हे औषध गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनसारखेच वागते. त्यामुळे तेथील कर्करोगाचा आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका काहीसा वाढतो.

दुसरा मार्ग भट्ट्याच विझवण्याचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अँजेला ब्रॉडी यांनी, जीवरसायनशास्त्रज्ञ असलेले पती हॅरी यांच्यासह, १९७० च्या दशकात अरोमाटेजला नेमके अडवणारी संयुगे शोधली. त्यांतील एकाची रुग्णांवरील पहिली चाचणी १९८० च्या दशकात लंडनमध्ये झाली. १९९० च्या दशकात ॲनॅस्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही तोंडावाटे घ्यायची औषधे बाजारात आली. ९,००० हून अधिक रजोनिवृत्त स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ पासून निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागलेल्या एका मोठ्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर रोग परतण्याचे प्रमाण टॅमॉक्सिफेनपेक्षा ॲनॅस्ट्रोझोलने कमी राहते, असे दिसून आले. रोज एक गोळी, सामान्यतः पाच वर्षे आणि काही रुग्णांत त्याहून अधिक, असा आजचा प्रघात आहे. सांधेदुखी, अंगातून गरम वाफा आल्यासारखे वाटणे आणि हाडे ठिसूळ होणे हे या औषधांचे मुख्य त्रास आहेत. हाडांची घनता म्हणूनच वेळोवेळी तपासतात. सांधेदुखीला कंटाळून अनेक स्त्रिया मध्येच गोळी सोडतात. गाठ काढून झालेली असते, दुखत काही नसते, आणि गोळी मात्र रोज सांधे दुखवते. अशा वेळी ती चालू ठेवण्याचे कारण रुग्णाला नीट समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

ही औषधे पाळी चालू असलेल्या स्त्रीला एकटी देऊन चालत नाहीत. इस्ट्रोजेन कमी झाल्याचे कळताच पोष ग्रंथी अंडाशयांना अधिक काम करण्याची आज्ञा देते आणि औषधाचा परिणाम पुसला जातो. अशा स्त्रियांमध्ये अंडाशयांचे काम आधी थांबवावे लागते. ते आता बहुधा ठरावीक मुदतीने घ्यायच्या इंजेक्शनने साधतात. काही वेळा शस्त्रक्रियाही करतात. ती शस्त्रक्रिया मूलतः बीटसन यांचीच आहे, फक्त ती आज दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छेदांतून होते.

स्मृती

हिल स्ट्रीटवरील रुग्णालयाला १९५३ साली रॉयल बीटसन मेमोरियल हॉस्पिटल असे नाव देण्यात आले. कर्करोगाच्या मूलभूत संशोधनासाठी ग्लासगो येथे उभी राहिलेली संस्थाही दीर्घकाळ बीटसन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जात होती. अलीकडे तिचे नाव बदलून कॅन्सर रिसर्च यूके स्कॉटलंड इन्स्टिट्यूट असे झाले आहे. शहराच्या पश्चिम भागातील गार्टनेव्हल येथे असलेले बीटसन वेस्ट ऑफ स्कॉटलंड कॅन्सर सेंटर हे स्कॉटलंडमधील कर्करोगावरील उपचारांचे सर्वांत मोठे केंद्र आहे. ग्लासगोत त्याला नुसते बीटसन म्हणतात, आणि तेथे उपचारासाठी जाणाऱ्यांमध्ये रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियाही असतात.